सदतिसावी शंका

१४ जानेवारी

प्रिय बेबीताई,

चोपन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणू नये, हे मला कळतं. पण परवाच्या बैठकीत सगळे तुला ‘अध्यक्ष महोदया’ म्हणायला लागले तेव्हा हसू आवरेना, म्हणून मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसलो. तुला वाटलं असेल, मावसभावाला केवढी तहान! अकरा वर्षांनी भेटलो, तेही लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना, आणि तू ओळख दाखवली नाहीस. बरोबरच आहे. अध्यक्षाला भाऊबंद नसतात. असले तर बैठकीपुरते मरतात.

हे कागदावर लिहितोय त्याला कारण आहे. तुझ्या समितीचा नियम असा, की तिच्या कामाबद्दलची प्रत्येक मेल इंटरनेटवरच्या फलकावर लागते आणि सारं जग वाचतं. आमच्या कंपनीचा नियम असा, की माझी प्रत्येक मेल साहेब वाचतात आणि जगाला पत्ता लागू देत नाहीत. या दोन्हींच्या मधे माणसाला चार शब्द बोलायला टपालपेटीच उरते.

घरी बायकोने विचारलं, “तुम्ही लोक तिथे भांडता तरी कशावर?” म्हटलं, सोपं आहे. बोटीखालचं यंत्र पाण्यात आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो, किती वेळात आला त्यावरून खोली कळते. असं लाखो वेळा केलं की समुद्राच्या तळाचा नकाशा तयार. इथपर्यंत सगळ्या कंपन्या सख्ख्या बहिणी. पण ती खोली फाइलीत उतरवताना प्रत्येकीची लिपी वेगळी, आणि आमची लिपी फक्त आमच्याच सॉफ्टवेअरला वाचता येते. समितीला सगळ्यांसाठी मिळून एकच फॉरमॅट हवाय, उघडा, कोणालाही वाचता येईल असा. ती म्हणाली, “म्हणजे समुद्र सगळ्यांचा आणि किल्ली तुमच्या कंबरेला?” मी म्हटलं, भाजी छान झालीय.

तर कंपनीने मोठ्या मनाने मला समितीच्या मदतीला धाडलंय. पहिल्याच बैठकीत मी नऊ शंका काढल्या. लहानपणी तूच मला शंकासुर नाव ठेवलंस. ते आता ऑफिसातही चालतं, साहेबसुद्धा त्याच नावाने हाक मारतात. तेव्हा नवव्या शंकेला तू कपाळावर हात मारलास, तो मी मनावर घेतलेला नाही.

मावशीला नमस्कार. तिचा गुडघा कसा आहे?

तुझा,
शंकासुर


२ फेब्रुवारी

शंकासुरा,

आईचा गुडघा तिच्या जिभेपेक्षा हळू चालतो, एवढंच. तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, “अजून तसाच आहे हा. चौथीत असताना पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांना विचारत होता, पाणी ओलंच का असतं. ते मास्तर दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.”

आणि कपाळावर हात मारला तो तुझ्या शंकेला नव्हे. तुझ्या शेजारचे गृहस्थ घोरायला लागले होते.

आता कामाचं. आमचा नियम तू नीट वाचलेला दिसत नाही. शंका कोणीही काढावी, कितीही काढाव्यात. पण शंकेसोबत खऱ्याखुऱ्या सर्व्हेची एक फाइल द्यायची, जिच्यात ती अडचण दिसते. आम्ही ती आमच्या प्रोग्रॅमने उघडणार आणि आत जे निघेल ते सगळं, अक्षर न् अक्षर, उत्तरासकट दहा दिवसांत फलकावर लावणार. नऊ शंका म्हणजे नऊ फाइली. पाठव.

एकही शंका उघडी राहिली तर फॉरमॅट मताला टाकता येत नाही. आणि मत ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत झालं पाहिजे. नाही झालं तर समिती बरखास्त, जो तो आपापली लिपी घेऊन आपापल्या घरी. या कामासाठी मी सात वर्षं दारोदार फिरले आहे. पुन्हा कोणी दार उघडणार नाही.

तुझ्यासमोर खाकी जाकीट घालून बसलेला, एक शब्द न बोललेला माणूस आठवतो? तो बंदराचा पायलट. बाहेरून आलेलं जहाज खाडीतून धक्क्यापर्यंत सुखरूप आणायचं, हे त्याचं काम. त्याच्या खाडीचे तीन सर्व्हे झालेत, तीन कंपन्यांच्या यंत्रांनी. त्यातलं एक तुमचं. तिन्ही एका पडद्यावर कधीच आलेले नाहीत. तो तीन नकाशे तीन खिशांत ठेवतो. मी हे सगळं कशासाठी करते, असं कोणी विचारलं की मी त्या जाकिटाकडे बोट दाखवते.

बेबीताई


११ मार्च

प्रिय बेबीताई,

फाइली पोचल्या ना? शंका क्रमांक पंधरा, सोळा आणि सतराही. पंधरावीवर बैठकीत आवाज चढला, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मी काय वाकडं विचारलं? खोली वीस मीटर म्हणजे फाइलीत अधिक वीस लिहायचे की उणे वीस? नकाशेवाले म्हणतात, खाली जातं ते उणे. जहाजवाले म्हणतात, मला वीस मीटर पाणी हवंय, उणे पाण्यात जहाज तरंगायचं कसं? एवढ्यावरून शिकलीसवरलेली माणसं दोन दिवस एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. मी आपला चहा घेत ऐकत होतो. मला अध्यक्षांची दया आली, खरंच.

इकडे माझे दिवस पालटलेत. साहेबांनी नवी खुर्ची दिली, मागे-पुढे होणारी. रोज टेबलापाशी येऊन विचारतात, “काय शंकासुर, समिती कुठवर आली? घाईबिई करत नाहीत ना?” सव्वीस वर्षं मी या ऑफिसात आहे, एवढ्या वर्षांत त्यांनी माझी विचारपूस केली ती एकदा, लिफ्टमधे, आणि तेव्हा त्यांना मी दुसराच कोणी वाटलो होतो. निवृत्तीला चार वर्षं राहिली आणि आता कुठे माझं तोंड त्यांच्या ओळखीचं झालं.

माणूस काळजी करणारा आहे.

शंकासुर


९ एप्रिल

शंकासुरा,

तुझी पंधरावी शंका तपासली. खाडीची तुमची फाइल आणि तिला लागून असलेल्या तिसऱ्या सर्व्हेची फाइल शेजारी शेजारी उघडली. एक अधिकवाली, एक उणेवाली. अर्ध्या पडद्यावर समुद्राचा तळ आणि उरलेल्या अर्ध्यात डोंगररांग! पायलट पहिल्यांदा तोंड उघडून बोलला: “उद्यापासून जहाजाला चाकं लावून घेतो.”

हसलो सगळे, मग शरमलो. आम्ही सहा जण दोन वर्षं डोकं खाजवत होतो आणि प्रत्येकाने आपलंच चिन्ह जगाचं म्हणून धरून ठेवलं होतं. तू विचारलं नसतंस तर फॉरमॅट छापून हात झटकून मोकळे झालो असतो. आता फाइलीच्या पहिल्याच ओळीत लिहावं लागेल, खोली कुठल्या दिशेने मोजली.

सोळावीचंही तेच. भरती-ओहोटीने पाणी वर-खाली होतं, मग खोली मोजायची ती कुठल्या शून्यापासून? वाटलं, हे काय विचारणं झालं, प्रत्येक बंदराचं शून्य ठरलेलं असतं. तपासलं तर एकाच बंदरात दोन शून्यं निघाली, जुन्या धक्क्याचं एक आणि नव्याचं एक, आणि दोन्हींमधे एका उंच माणसाचा फरक.

तोंड फाटकं असलं तरी तुझं डोकं जागेवर आहे, हे मी लेखी देते. पण आठवड्याला तीन शंका हे कुठल्या दुखण्याचं लक्षण? आम्ही सहाच जण आहोत रे, आणि त्यातला एक घोरतो.

तुझ्या साहेबांचं वाचून आई म्हणाली, “शेजारचं बांधकाम कुठवर आलं हे रोज विचारणारा माणूस विटा उचलायला येत नसतो.” मी तिला म्हटलं, प्रत्येकात खोट काढू नये.

बेबीताई


१८ जून

प्रिय बेबीताई,

छत्तिसावी शंका सोबत धाडली आहे. ही जरा दमवणारी आहे, आधीच सांगतो.

यंत्राला तळ ऐकू येतो तसे मासेही ऐकू येतात, बुडबुडेही. मग ऑफिसात बसलेला कोणीतरी पडद्यावर बघून ‘हा मासा, हा बुडबुडा’ म्हणत ते ठिपके फेकून देतो. माझा प्रश्न: फेकलेले ठिपके कायमचे जावेत, की ‘फेकलेला’ अशी खूण करून फाइलीतच राहावेत? मासा म्हणून फेकलेला ठिपका उद्या बुडालेल्या बोटीची डोलकाठी निघाला तर? माझं म्हणणं, काहीही पुसू नये. फेकायचं ते फेका, पण दिसेल असं फेका.

यासाठी नेहमीसारखी साफसूफ केलेली फाइल चालणार नाही, फेकलेल्या ठिपक्यांसकट मूळ फाइलच लागणार. साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी फाइल विभागाकडून खास निवडून मागवली. अठरा लाख ठिपके, निम्मे फेकलेले. ती सोडवायला तुम्हाला चार महिने तरी लागतील. लागू देत. चांगल्या कामाला वेळ हा लागतोच.

एक सांगू? हल्ली मला या शंका काढायला मजा येते. सकाळी दाढी करताना सुचतात. हे साहेबांना कळू नये असं का वाटतं, कोण जाणे.

शंकासुर


७ जुलै

शंकासुरा,

तुझी फाइल चार महिन्यांत नव्हे, चार दिवसांत उघडली. तुझ्याच आधीच्या पस्तीस शंकांनी आमचा प्रोग्रॅम इतका चिवट केलाय, की आता त्याला काही पचत नाही असं नाही. फेकलेले ठिपके सगळे सापडले. तुझं म्हणणं बरोबर होतं. ते फाइलीतच राहायला हवेत.

ठिपक्यांबरोबर आणखी एक गोष्ट सापडली.

तुमच्या फाइलीत डोक्यावर एक शेऱ्याची ओळ असते. तुमचं सॉफ्टवेअर ती बाहेरच्यांना दाखवत नाही, म्हणून तुमच्या ऑफिसातले लोक तिथे एकमेकांना निरोप लिहीत असावेत, फ्रिजवर चिठ्ठी लावावी तसे. साफ केलेल्या फाइलींतून ती ओळ उडते. मूळ फाइलीत असते. आमचा प्रोग्रॅम बापडा काहीच लपवत नाही. त्याने दाखवलेला शेरा जसाच्या तसा उतरवते:

‘साहेबांच्या सांगण्यावरून. समितीसाठी. सोडवता सोडवता नोव्हेंबर उजाडेल अशी फाइल निवडली आहे. शंकासुराकडे देणे. त्याला काम माहीत आहे. ऑक्टोबर उलटेपर्यंत लांबवणे.’

त्याला काम माहीत आहे.

हे फक्त मी वाचलंय. तपासणी मीच केली, माझ्या टेबलावर. नियमाने सतरा तारखेपर्यंत ही फाइल अक्षर न् अक्षर फलकावर लागायला हवी. लावली, तर तुझं काय होईल ते तुला माहीत. नाही लावली, तर छत्तिसावी शंका उघडी राहते आणि ऑक्टोबरमधे मत होत नाही. म्हणजे तुझ्या साहेबांना हवं होतं तेच मी माझ्या हाताने केलं.

आईला हे पत्र वाचून दाखवलेलं नाही.

बेबीताई


११ जुलै

बेबीताई,

खरं आहे. डिसेंबरात साहेबांनी खोलीत बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, “तुझ्या स्वभावाचा कंपनीला पहिल्यांदाच उपयोग आहे. तू काही वेगळं करू नकोस. तू फक्त तू राहा.” मला एवढं बरं वाटलं, की आपण कशाला हो म्हणतोय हे घरी पोचेपर्यंत लक्षात आलं नाही. आणि आल्यावर मी ते बाजूला ठेवलं, बसची जुनी तिकिटं खिशात ठेवतो तसं.

शंका खोट्या नव्हत्या. एकही नाही. खोटा होता तो त्या आणण्यामागचा हेतू, आणि तोही हळूहळू कुठेतरी गळून पडला, पण साहेबांना ते सांगायची छाती झाली नाही.

ती ओळ काढून टाक, ताई. मी चार वर्षांवर आलोय. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? लेकीला मी समितीत काम करतो याचा अभिमान आहे, मैत्रिणींना सांगत असते. अठरा लाख ठिपके आहेत त्या फाइलीत. एका ओळीने काय बिघडणार आहे?

शंकासुर


१६ जुलै

शंकासुरा,

अठरा लाखांत एका ओळीने काय बिघडणार, हे तू विचारतोस? काहीही पुसू नये, ही छत्तिसावी शंका कोणाची होती?

मी ती ओळ काढणार नाही. तीन दिवस विचार केला. एकदा बोट त्या बटणावर नेलंही होतं. पण मग मी आणि तुमचा फाइल विभाग यात फरक काय राहिला? पायलट उद्या मला विचारेल, “बाई, यातून काही काढलेलं नाही ना?” आणि मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ‘नाही’ म्हणायचं?

आता माझं ऐक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्याही मनात आठ महिने पडलेलं आहे. गेल्या नोव्हेंबरात तुमच्या कंपनीला निमंत्रण मीच पाठवलं. त्यात शेवटी लिहिलं, ‘आपला प्रतिनिधी शक्यतो फार शंका काढणारा नसावा, ही विनंती.’ तुझ्या साहेबांना मी जुनी ओळखते. दारावर ‘ढकला’ लिहिलेलं असलं की ते ओढतात. त्यांनी नेमका तुलाच पाठवला, आणि मला तूच हवा होतास. माझ्या समितीत सगळे सभ्य आहेत रे. दुसऱ्याचं मन दुखवायला नको म्हणून त्याच्या चुकीलाही माना डोलावतात. असल्या माना डोलावून झालेल्या फॉरमॅटवर जहाज चालवायचं म्हणजे रांगोळीवर गाडी चालवणं. मला कोणीतरी निर्लज्ज हवा होता.

ते तुला कशाला पाठवतील, हे मला तेव्हाही दिसत होतं. तरी मी डोळे मिटले. आई बांधकामाचं बोलली तेव्हा मीच तिला गप्प केलं. साहेबांनी तुला वेळ काढायला वापरलं, मी काम काढायला. तुला विचारलं कोणीच नाही. याबद्दल मी तुझी माफी मागते, आणि ती कोरडी आहे असं समजू नकोस.

उद्या फाइल फलकावर लावते आहे. तिच्याखाली माझं निमंत्रणाचं पत्रही लावते. झाकली मूठ उघडायचीच तर दोघांची उघडू दे.

बेबीताई

ता. क. पाकीट डकवण्याआधी सवयीने फलक उघडला. आज सकाळी दहा वीसला लागलेलं तिथे हे दिसलं:

‘शंका क्र. ३७. काढणारा: पहिल्या छत्तीस शंका काढणारा. फाइल: छत्तिसावीचीच, पूर्ण. अडचण: फाइलीतला शेरा वाचणाऱ्यापासून लपवता यावा का? माझं मत: येऊ नये. कारण शेऱ्यातच वाचावं. त्यात लिहिलेला हेतू तेव्हा माझाही होता.’

म्हणजे मी इथे तुला चार पानं सुनावत बसले होते, तेव्हा तू करून मोकळा झाला होतास. तेच तीनदा वाचलं. आई म्हणाली, “काय गं, वाईट बातमी आहे का?” म्हटलं, नाही. शंकासुराने उत्तर दिलं.


४ ऑगस्ट

प्रिय बेबीताई,

हे पत्र गोदामातून लिहितोय. खुर्ची वर राहिली; इथे स्टूल आहे, ते फक्त डुगडुगतं. काम असं: भिंतीला टांगलेल्या केबली उतरवायच्या, तपासायच्या, परत टांगायच्या. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. फक्त एवढंच विचारलं, “का?” मी म्हटलं, “तुम्हीच म्हणाला होतात, तू फक्त तू राहा.” यावर त्यांना खोकला आला.

लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, आधी लाज वाटण्यासारखं केलंत आणि मग नाही. मी मैत्रिणींना दुसऱ्या अर्ध्यापासून सांगेन.”

तुझं निमंत्रणाचं पत्र वाचून मी तीन दिवस तुझ्यावर धुमसत होतो. मावशीने तुला लहानपणी चोप कमी दिला, असंही बायकोपाशी बोललो. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की जन्मात दोनच माणसांनी माझी पारख केली आणि दोघांनी एकच गुण ओळखला. मग राग कोणावर करायचा, तेच कळेना.

एकच मागणं आहे. बैठकीत माझ्यावर बोलणी होतील, होऊ देत. मला हाकला. पण शंका हाकलू नका. शंकांना बाप नसतो असं समजा. त्या गेल्या तर मी खरोखरच आठ महिने नुसता वेळ काढला, असं होईल.

शंकासुर


३० ऑगस्ट

शंकासुरा,

बैठक झाली. तुला नक्कीच उचक्या लागल्या असतील.

घोरणारे गृहस्थ टक्क जागे होते. ते म्हणाले, ज्या शंका वाईट हेतूने आल्या त्या सगळ्या रद्द करा, फॉरमॅट जानेवारीत होता तसा परत आणा. अर्ध्या माना डोलल्या. मग म्हणाले, अध्यक्षांनीही आपलं पत्र लपवलं, त्यांनाही जाब विचारा. तिथेही अर्ध्या डोलल्या, आणि बरोबर होतं त्यांचं. मी खुर्ची सोडून बाजूच्या बाकावर जाऊन बसले.

तेवढ्यात पायलट उभा राहिला. हा माणूस बैठकीत उभा राहतो हेच कोणाला माहीत नव्हतं. म्हणाला, “मला या सगळ्यांचे हेतू काय होते ते कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. मला एवढंच सांगा, त्या दोन शून्यांमधे एका माणसाचा फरक होता की नव्हता?” कोणीतरी म्हणालं, होता. “मग चोराने विचारलेलं मला चालेल. सभ्य माणसांचं गप्प बसणं नको. खडकावर चढलं तर जहाज माझं चढतं, तुमचं नाही.” आणि खाली बसला.

मत घेतलं. सदतीसच्या सदतीस शंका उत्तरांसकट कायम राहिल्या. तुमच्या कंपनीला समितीतून काढलं. तुला ठेवलंय, कंपनीविना, नुसता तू म्हणून. मलाही खुर्चीवर परत बसवलं, पण आता माझी पत्रंही फलकावर लागणार. ही सोडून. ही आपल्या घरची आहेत.

आईला आता सगळं सांगितलं. तिने फक्त “मी म्हटलं नव्हतं?” एवढंच विचारलं, पण सतरा वेळा.

बेबीताई


८ नोव्हेंबर

प्रिय बेबीताई,

मताला यायला रजा मिळाली नाही, म्हणून एकोणतीस ऑक्टोबरचा निकाल फलकावर वाचला. सगळे हात वर, एकही विरोधात नाही. गोदामात मी एकटाच असल्यामुळे केबलींना सांगितलं.

पुढची गंमत ऐक. आठ दिवसांत आमच्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, आमच्या फाइली नव्या फॉरमॅटमधे कधी देता? काल कंपनीचं रंगीत पत्रक निघालं: ‘या जागतिक फॉरमॅटच्या जडणघडणीत आमच्या प्रतिनिधीचा सिंहाचा वाटा.’ खाली माझा फोटो. खुर्चीवर बसलेला! जुना असणार.

आज साहेब स्वतः गोदामात आले. स्टुलावर रुमाल अंथरून बसले. म्हणाले, झालं गेलं विसरून जा, वर ये, नव्या फॉरमॅटचा विभाग काढतोय, तो तुझा. फक्त फलकावर दोन ओळी लिही, की तो शेरा फाइल विभागातल्या कोणीतरी गमतीने लिहिला होता. ऐकलं आणि तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू. वर पंखा आहे, खिडकी आहे. चार वर्षं सुखात गेली असती.

म्हटलं, साहेब, ते सदतिसावीच्या उत्तरात बसत नाही. ते उठले, रुमाल झटकला, घडी घालून खिशात ठेवला आणि गेले. जाताना दार त्यांनी ओढलं. ते ढकलायचं होतं.

खाडीचं काय झालं? तिन्ही सर्व्हे एकत्र उघडलेत का?

शंकासुर


२१ नोव्हेंबर

शंकासुरा,

उघडले. परवा, पायलटच्या समोर. मुद्दाम त्यालाच बोलावलं होतं. सात वर्षं ज्याच्या जाकिटाकडे बोट दाखवत होते, त्याला पहिलं दाखवायचं म्हणून.

तिन्ही एकमेकांशेजारी सुरेख बसले. चिन्हं जुळली, शून्यं जुळली. आणि पहिल्या व दुसऱ्या सर्व्हेच्या मधे एक पट्टी तशीच राहिली, मोकळी. चारशे मीटर रुंद, खाडीच्या तोंडापासून आतपर्यंत. मला वाटलं प्रोग्रॅम चुकला. दोनदा तपासलं. नाही चुकला. तिथे एकही ठिपका नाही. पहिल्यांनी धरलं, तेवढं दुसरे मोजतील. दुसऱ्यांनी धरलं, ते पहिल्यांनी मोजलंच असेल. आणि तुमच्यासकट दोन्ही कंपन्यांचं सॉफ्टवेअर रिकामी जागा दिसू नये म्हणून तिथे आजूबाजूचा छान निळा रंग पसरवत होतं. प्रत्येक नकाशा एकटा पाहिला तर भरलेला. शेजारी ठेवले, तेव्हा भोक दिसलं.

पायलटने जवळ येऊन त्या पट्टीवर बोट ठेवलं. त्याची नेहमीची वाट तिथूनच जाते. एकोणीस वर्षं. पाणी मागितलं, प्यायला, मग म्हणाला, “मग मी इतकी वर्षं कशाच्या भरवशावर येत होतो?” त्याने दोन दिवस मोठी जहाजं बाहेरच थांबवून ठेवली आहेत, आणि धक्क्यावरचे सगळे त्याच्यावर चिडलेत.

पट्टी मोजायची आहे, लगेच. बोट मिळाली. तिच्यावर बसवलेलं यंत्र तुमच्या कंपनीचं आहे, आणि मोजण्याआधी ते बोटीवर किती तिरकं बसलंय हे तुझ्यासारख्या कोणीतरी जाणत्याने बघून जुळवायला लागतं. नाहीतर सगळा तळ कलंडलेला येतो. कंपनीला माणूस मागितला. उत्तर आलं, सध्या कोणी उपलब्ध नाही.

गुरुवारी सकाळी सातला निघायचं आहे. तीन दिवसांचं काम. तुझ्यावर जोर करण्याचा हक्क मी घालवलाय, म्हणून नुसतं कळवते.

बेबीताई


२५ नोव्हेंबर

बेबीताई,

रजा मागितली, नामंजूर झाली. गुरुवारी सातच्या आत धक्क्यावर पोचतो.

शंकासुर